अथेन्सवाली

सप्टेंबरच्या नऊ तारखेला पाऊस पडला आणि आमचं वर्ष मातीत गेलं. मस्तकीच्या झाडांखाली डिंक पडून वाळत आला होता. अजून आठ दिवस मिळाले असते तर सगळा वेचून झाला असता. झाडांखालची पांढरी माती आम्ही चाळून, पसरून, थापून ठेवतो ती डिंकाचे थेंब स्वच्छ पडावेत म्हणून. पावसानं त्याच मातीचा राडा केला आणि एकेक थेंब चिखलात लडबडला. सगळ्या खिओस बेटावर हीच रड होती. माझा नवरा स्तामातिस टोपी काढून झाडाखाली बसला आणि म्हणाला, "घ्या. आता मे महिन्यापर्यंत साफ करत बसा."

साफ करायचं काम बायकांचं. डिंक आधी चाळायचा, साबणाच्या गार पाण्यात धुवायचा, वाळवायचा, आणि मग एकेक खडा चिमटीत धरून चाकूच्या टोकानं त्यावरची माती खरवडायची. चांगल्या वर्षी जानेवारीत उरकतं. यंदा गोण्या बघितल्या आणि मी आणखी एका चाकूला धार लावून ठेवली. नोव्हेंबर संपायच्या आत बोटांना भेगा पडल्या. भेगेत डिंक शिरला की निघत नाही, तेल चोळा नाहीतर काहीही करा.

हे काम आमच्यात कुणी एकटीनं करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. शेगडीभोवती गोल बसायचं, मांडीवर ताट घ्यायचं, आणि बोलायचं. बोलायचं म्हणजे बोलायचंच. जी गप्प बसली तिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, असं बाकीच्या धरून चालतात.

माझी मुलगी मार्केला सोळा वर्षांची, नववीत दुसऱ्यांदा बसलेली. तिच्या हाताला मात्र नाव ठेवायला जागा नाही. सासूबाई अर्गिरो सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत, पण मार्केलानं साफ केलेला खडा उजेडात धरून त्यासुद्धा "हं" म्हणायच्या. हीच पोर पुस्तक उघडलं की घामाघूम व्हायची. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असायची. एकच शब्द वर वेगळा वाचायची, खाली वेगळा.

मी तिला मारलंय. खोटं कशाला बोलू? पहिलीपासून, चुकलेल्या अक्षरामागे एक. मला वाटायचं आळशी आहे, सोंगं करतेय. एकदा जेवणाच्या टेबलाशी इतकी मारली की सासूबाई मध्ये पडल्या, आणि त्या काही मऊ मनाच्या बाई नव्हेत. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगणार कोण?

शाळेत एव्हान्थिया नावाच्या नव्या बाई आल्या, त्यांनी ओळखलं. शहरातल्या केंद्रात तपासणीसाठी आमचं नाव घातलं. नंबर लागायला अकरा महिने गेले. तिथं एका बाईनं मार्केलाला तीन तास बसवून घेतलं आणि मग मला आत बोलावलं.

"डोळे चांगले आहेत, डोकं त्याहून चांगलं आहे," ती म्हणाली. "वाचायला गेली की अक्षरांचा घोळ होतो. डिस्लेक्सिया."

शब्द आमच्याच ग्रीक भाषेतला, पण मी जन्मात ऐकला नव्हता. "औषध?" मी विचारलं.

"औषध नाही. रोगच नाही तर औषध कसलं? हिला पुस्तक ऐकायला द्या, आणि परीक्षा तोंडी घ्या. तसं मी लिहून देते."

घरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. पोरीच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

एव्हान्थियाबाईंनी शाळेच्या कपाटातला एक टॅब दिला. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा की ते यंत्र पान वाचून दाखवतं. स्तामातिसनं ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"यंदा पास झाली तर शिकू दे पुढं," तो म्हणाला. "नाही झाली तर बास. दोनदा नापास झालेली पोर शाळेत ठेवून लोकांना हसायला देणार नाही मी. झाडं आहेत, ताट आहे, काम काय कमी आहे?"

तो वाईट माणूस नाही. त्याची पाठ गेलीय, त्याला हात हवेत. पण मी बाराव्या वर्षी ते ताट मांडीवर घेतलं आणि आता बेचाळीसची आहे. सकाळी उठल्यावर अर्धा तास माझी बोटं मिटत नाहीत. मार्केलाच्या मांडीवर ते ताट कायमचं येऊ नये, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी देवाकडे मागितलं नाही.

डिसेंबरात बैठक आमच्या घरी होती. मार्केला हेडफोन कानात घालून बसली आणि मुकाट खडे खरवडायला लागली. पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत. शेजारची लेमोनिया, विधवा, आडदांड, जिच्या जिभेला गाव टरकतं, तिनं चाकू खाली ठेवला.

"का गं मार्केला, आमचं बोलणं टोचायला लागलं का तुला?"

मार्केलाला ऐकूच आलं नाही. झालं! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कानात बोळे घालून बसायचं तर घरी बसावं," दुसरी कुणी म्हणाली.

"घरीच आहे ती," मी म्हणाले. "तुम्ही तिच्या घरी आहात."

"बघा, आईपण तसलीच!"

सासूबाईंनी नातीच्या कानातला एक हेडफोन ओढून काढला. "काय सांगतंय ते तुला? आमच्याबद्दल नाही ना काही?"

"इतिहास आहे आजी. धडा."

"मग मोठ्यानं लाव. या घरात कुणी एकटं खात नाही."

मार्केलानं लावलं. एका बाईचा आवाज आला. सपाट. थांबणं नाही, खाकरणं नाही, दम खाणं नाही. आम्ही सगळ्या हात थांबवून ऐकत राहिलो.

"कुठली गं ही?" लेमोनियानं विचारलं.

"कुठली नाही मावशी, यंत्र आहे."

"बोलते तर अथेन्सवालीसारखी. ना नमस्कार, ना ओळखदेख, आली की सुरूच."

तेव्हापासून तिचं नाव अथेन्सवाली पडलं. "अथेन्सवालीला पाणी द्या गं कुणीतरी, घसा सुकला असेल बिचारीचा." "आज काय म्हणतेय अथेन्सवाली?" ज्या घरी बैठक असेल तिथं टॅब आधी पोचायचा, तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभा करून ठेवायचा, आणि मग ताटं निघायची. बायका तिच्याशी भांडायच्यासुद्धा. पोटातल्या आतड्याची लांबी ऐकून लेमोनिया म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं याच्या दुप्पट असणार. तीस वर्षं भरलं मी ते."

एके दिवशी एकोणीसशे बावीस सालचा धडा लागला. समोरच्या, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून लाखो लोक ग्रीसमध्ये आले, असं अथेन्सवाली म्हणाली. सासूबाईंची आई त्यातलीच. तीन दिवस होडीत काढून, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात चुलीवरचं पातेलं, अशी ती आमच्या बंदरावर उतरली होती.

"आले म्हणे!" सासूबाई ओरडल्या. "लग्नाला आले का गं, भवाने? परत लाव. परत लाव ते."

मार्केलानं परत लावलं. अथेन्सवालीनं तेच, त्याच आवाजात सांगितलं. पुढं तह झाला, लोझान नावाच्या गावात, आणि कुणी कुठं राहायचं ते कागदावर ठरलं, असंही सांगितलं. सासूबाईंनी ते गाव तोंडात घोळवलं. "लोझान. माझ्या आईचं घर कुणाला द्यायचं ते लोझानात ठरलं. तिथं माझ्या आईला ओळखत होतं का कुणी?" त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, पण खडा काही त्यांनी हातातून सोडला नाही.

आणि मार्केला! तिला एकदा ऐकलं की बास. चाकू चालायचा आणि तोंड चालायचं. लेमोनिया तिला विचारायची, "बरं, काल ती रक्ताचं काय सांगत होती?" की पोर पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा सांगायची, मध्ये खड्यावर फुंकर मारायची, पुन्हा सांगायची. मी ताटावरून मान वर करून तिच्याकडे बघत बसायचे. सोळा वर्षांत मला माहीत नव्हतं की माझी पोर हुशार आहे. आणि मग मारलेलं सगळं आठवायचं.

मेच्या शेवटी शेवटची गोणी संपली. मस्तकी सोसायटीत गेली. निम्मा डिंक आणि दुप्पट कष्ट, ते सांगण्यात अर्थ नाही. चार दिवस आम्ही हात नुसते मांडीवर ठेवून बसलो, आणि लगेच जून लागला. जूनमध्ये झाडांखालची जमीन खरवडायची, झाडायची आणि नवी पांढरी माती चाळून अंथरायची. गुडघ्यांवर बसून, फांद्यांखाली वाकून. संध्याकाळी माणूस ओळखू येत नाही, पापण्यासुद्धा पांढऱ्या होतात.

इतिहासाच्या पेपराच्या दिवशी पहाटे पाचपासून मी झाडांखाली होते. मार्केला शाळेचे कपडे घालून बांधावर येऊन उभी राहिली.

"आई, तू चल."

"मी काय करणार तिथं?"

"काही नाही. बाहेर बस."

स्तामातिस चाळणी आपटून म्हणाला, "आजच जायचंय का? अर्धी माती तशीच पडलीय." बस यायची वेळ झाली होती, तशीच निघाले. हात धुवायलासुद्धा थांबले नाही.

शाळेत उकाड्यानं दार उघडंच ठेवलं होतं. मी बाहेर बाकावर बसले. आत हेडमास्तर, एव्हान्थियाबाई आणि मार्केला. टेबलावर टॅब. अथेन्सवालीनं पहिला प्रश्न वाचला, आमच्या घरी वाचायची तसाच. तो धडा मार्केलानं आमच्यापुढं दहा वेळा म्हटलेला होता. मी मनात म्हटलं, चला.

आतून आवाज येईना.

"प्रश्न परत ऐकायचाय?" एव्हान्थियाबाई म्हणाल्या. अथेन्सवालीनं परत वाचला. पुन्हा तेच. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"दुसरा घेऊ," हेडमास्तर म्हणाले. दुसरा झाला. तिसरा झाला. हेडमास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं. "बाई, लेखी येत नाही म्हणून तोंडी घेतली. तोंडीही येत नसेल तर मी काय लिहू?"

मी उठून दारात गेले. मार्केला पाठ ताठ करून बसली होती. मान लाल झाली होती. हात टेबलाखाली, मांडीवर. उजव्या हाताचा अंगठा चालला होता, रिकाम्या बोटावर, खरवडल्यासारखा. एव्हान्थियाबाईंनी तिला पेन दिलं, "हे धर, शांत हो." तिनं ते दोनदा फिरवलं आणि खाली ठेवलं. पेनात साफ करायला काय असतं? तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सहा महिने तिनं एक शब्द नुसता बसून ऐकला नव्हता की नुसता बसून सांगितला नव्हता. आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की परीक्षेत ताट नसतं.

मी आत गेले.

"बाई, पालकांना आत यायला परवानगी नाही," हेडमास्तर म्हणाले.

"सर, तिचे हात रिकामे आहेत."

"परीक्षेत हात रिकामेच असतात."

"तिला सगळं येतं, सर. पण हात चालले की तोंड चालतं तिचं. मस्तकी साफ करता करता शिकलीय ती."

"मग काय आता चाकू देऊ तिला वर्गात?"

मस्तकीचा एक खडा घरात उरला नव्हता. मी माझ्या हातांकडे बघितलं. नखांत पांढरी माती, भेगांत गेल्या वर्षीचा डिंक काळा होऊन बसलेला. लाज वाटण्यासारखेच हात. मी खुर्ची ओढली, पोरीशेजारी बसले आणि उजवा हात टेबलावर तिच्यापुढं ठेवला.

"हा साफ कर," मी म्हणाले.

हेडमास्तर उभे राहिले. "हे काय चाललंय? तुम्ही शेजारी बसून तिला उत्तरं सांगणार!"

"मला काय येतंय, सर? मी सहावी शिकलेय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. केसांतली माती, चपला, फरशीवर उमटलेली पांढरी पावलं. ते त्यांना लगेच पटलं. मला ते लागलं, पण पटलं हे बरंच झालं, कारण मी खोटं बोलत होते. सहा महिने मीही त्याच बैठकीत होते.

"केंद्राच्या कागदात लिहिलंय, योग्य ती मदत द्यावी," एव्हान्थियाबाई हळूच म्हणाल्या.

"हात कुठं लिहिलाय त्यात?"

"नाही असंही लिहिलेलं नाही, सर."

हेडमास्तर बसले. "एक शब्द काढला तर पेपर रद्द. हात हलवलात तरी रद्द."

मार्केलानं माझा हात हातात घेतला. आधी नुसता धरला. मग अंगठ्याचं नख माझ्या नखाखाली घालून माती काढायला लागली. अथेन्सवालीनं पहिला प्रश्न पुन्हा वाचला. एक नख झालं. दुसरं झालं. आणि दुसऱ्या नखावरच तिचं तोंड उघडलं.

सांगत गेली पोर! खाली मान घालून, माझ्या भेगांतला डिंक टोकरत, साल, गाव, कारण, परिणाम, सगळं. माझा हात ठणकत होता, एका भेगेतून रक्त आलं, ते तिनं तिच्या स्कर्टला पुसलं आणि पुढं सांगत राहिली. हेडमास्तर मध्येच थांबवून विचारायचे, ती तेही सांगायची. एव्हान्थियाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मग शेवटचा प्रश्न आला. लोकांची अदलाबदल कोणत्या तहानं ठरली?

"सेव्हरच्या," मार्केला म्हणाली.

लोझान! अगं, लोझान! आजी रडली होती ना त्या दिवशी! नाव माझ्या जिभेवर येऊन बसलं. हाच हात, सहावी-सातवीपर्यंत, प्रत्येक चुकीला तिच्या गालावर पडला होता. आता तोच तिच्या हातात होता आणि मी दात आवळून तो टेबलावर दाबून धरला होता. तरी करंगळी उडालीच. हेडमास्तरांना दिसलं नाही. मार्केलाला कळलं. तिचं नख थांबलं.

"नक्की?" हेडमास्तरांनी विचारलं.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "सेव्हर."

त्यांनी लिहिलं, बेरीज केली, पुन्हा केली. "वीसपैकी बारा," ते म्हणाले. पास व्हायला दहा लागतात. मी टेबलाला धरून उठायला लागले. एव्हान्थियाबाईंनी मला हात दिला. हेडमास्तर कागद गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "उद्या भूगोल. साडेआठला. तुम्हीही या."

बसमध्ये मी तिला विचारलं, "गाढवे, माझा हात उडाला ते कळलं ना तुला? मग बदललंस का नाही?"

"चुकलं एवढं कळलं. बरोबर काय ते कुठं सांगितलं तुझ्या करंगळीनं?"

मी हसले. किती महिन्यांनी हसले देव जाणे. "लोझान," मी म्हणाले.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, तुला येतं?"

"आजीला विचार, तिलाही येतं. लेमोनियालाही येतं. एवढं शिकून आम्ही काय करणार, ते कुणाला येत नाही."

मग ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मलाही झोप आली होती, पण आमचा थांबा चुकला असता.

संध्याकाळी जेवायला बसलो. स्तामातिसनं अर्धी माती एकट्यानं चाळली होती, त्याला वाकता येत नव्हतं. चण्याची आमटी, पाव, ऑलिव्ह. त्यानं निम्मी वाटी संपवली आणि मग विचारलं, "किती?"

"बारा," मार्केला म्हणाली.

"पास का?"

"हो."

त्यानं पावाचा तुकडा आमटीत बुडवला. "अजून किती पेपर?"

"पाच," मी म्हणाले.

"म्हणजे पाच दिवस सकाळची तू नाहीस."

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पाठ धरून पाण्याला उठला. एवढ्यावर निभावलं.

मी पावाकडे हात नेला तशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं. दुपारी बसमधून उतरून मी पुन्हा झाडांखाली गेले होते, उजेड जाईपर्यंत माती थापली होती. हात कोपरापर्यंत पांढरे, नखं भरलेली, फुटलेली भेग बुजून गेलेली.

"शी! या हातांनी जेवतेस? धू जा आधी."

मी हात सोडवून घेतला आणि पाव मोडला.

"असू द्या सासूबाई," मी म्हणाले. "उद्या भूगोल आहे."